दिवाळी अंक आणि छोट्या प्रकाशनाच्या कामात एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठलं काम एआयकडे द्यावं आणि कुठलं देऊ नये, हे ठरवायचं कसं?

एकच हिशेब मांडा. काम तपासायला लागणारा वेळ, ते स्वतः करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा बराच कमी आहे का? तासाभराची मुलाखत ऐकत ऐकत टंकायला सरावलेल्या हातालाही पाच-सहा तास जातात. यंत्राने उतरवलेला मजकूर ध्वनिफितीशी ताडून बघायला दोन-अडीच तास पुरतात. इथे फायदा उघड आहे. आता दुसरं टोक बघा. अंकाचं संपादकीय यंत्राकडून लिहून घेतलं, की त्यातला एकेक दावा पडताळायचा, साच्यातली वाक्यं मोडायची आणि शेवटी त्यात स्वतःचं म्हणणं घालायचं. तेवढ्या वेळात संपादकीय दोनदा लिहून होतं.

या हिशेबात पास होणारी कामं साधारण ही: जुने अंक स्कॅन करून मजकूर काढणं, मुलाखती उतरवणं, मुद्रितशोधनाची (प्रूफ तपासण्याची) पहिली फेरी, कादंबरीतल्या तारखा-वयांची पडताळणी, लेखकांना जाणारी पत्रं, अनुक्रमणिका आणि जाहिरातींच्या याद्या. निवड, मांडणीतला क्रम, नकाराचं पत्र आणि लेखकाशी बसून करायचं संस्करण, म्हणजे मजकुरावरचे संपादकीय संस्कार, ही कामं नापास होतात आणि ती संपादकाकडेच राहतात.

लेखकाने जुन्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवलाय. तो चॅटमध्ये टाकला तर चमत्कारिक चिन्हं दिसतात. एआय तो युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात) बदलून देईल का?

देईल, आणि म्हणूनच देऊ नका.

श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण यांसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये भलतंच चिन्ह असतं. हा सरळ कोष्टकाचा मामला आहे: या चिन्हाच्या जागी ते अक्षर. त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा परिवर्तक, म्हणजे मजकूर बदलून देणारा प्रोग्राम, वापरावा. तो दर वेळी तेच उत्तर देतो. चॅटमधला एआय मात्र अंदाज बांधतो. दहा ओळी बरोबर देईल आणि अकराव्या ओळीत न समजलेल्या शब्दाच्या जागी शोभेलसा दुसरा शब्द ठेवून देईल. तो शब्द वाक्यात इतका चपखल बसतो की प्रूफ वाचतानाही खटकत नाही.

परिवर्तनानंतर चुका ठरलेल्या जागी सापडतात: रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या व्यंजनाला चिकटते, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांची अदलाबदल होते, अवतरणचिन्हांची उलथापालथ होते. एआयचा खरा उपयोग इथे. परिवर्तित मजकुराची दोन पानं द्या आणि सांगा, ‘मराठीत असूच शकत नाहीत अशा अक्षरजुळण्यांची यादी दे, मजकूर बदलू नकोस.’ हाती आलेल्या यादीवरून वर्डमध्ये शोधा-बदला चालवा.

‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. हे नेमकं कशामुळे?

मराठी मजकुरात एआयकडून होणारी ही सगळ्यात सतावणारी चूक. कारण समजलं की ती आवरता येते.

‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी येतील, ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी. फरक आहे तो आडव्या, चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’चा. संगणकात तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पण मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना ते अदृश्य चिन्ह गळून पडतं, आणि ते गळालं की ‘र’चा रफार होतो.

उपाय असा: मजकूर एआयकडे देण्याआधीच सगळीकडे पहिली तऱ्हा करून घ्या, शोधा-बदला एकदाच. काम परत आलं की ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधा. सूर्य, कार्य, आर्य, पर्याय, गर्हणीय सोडले तर बाकी प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला. तऱ्हा, वऱ्हाड, बिचाऱ्या, नवऱ्याला, दुसऱ्या हे नेहमीचे बळी. चाळीस हजार शब्दांच्या पुस्तकाला हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि ते टाळलं तर छापून आलेल्या पुस्तकात ‘नवर्‍या’चा ‘नवर्या’ झालेला लेखकाला पहिल्याच पानावर सापडतो.

जुन्या अंकांची पानं स्कॅन करून मजकूर काढायचा आहे. कसं करावं?

स्कॅन चांगला असेल तर अर्धं काम झालं. ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), करड्या छटांमध्ये. कागद पिवळा पडलेला असेल किंवा टाइप बारीक असेल तर ४००. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करू नका, त्यात अनुस्वार आणि पातळ वेलांट्या उडतात. शिवणीजवळ पान वळतं तिथल्या ओळी वाकड्या येतात, म्हणून अंक शक्य तितका सपाट दाबून धरा. दोन स्तंभांचं पान असेल तर स्तंभ कापून वेगळे करा. नाही तर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली जाते.

मग दोन वाटा आहेत. एक, टेसरॅक्टसारखा फुकट मिळणारा अक्षरवाचक, ज्याला मराठीची विदाफाइल (डेटा-फाइल) जोडता येते. गूगल ड्राइव्हमध्ये चित्र टाकून ते डॉक्समध्ये उघडलं तरी मजकूर निघतो. दोन, चित्र वाचू शकणारा चॅट-एआय. दोघांच्या चुकांचा स्वभाव वेगळा आहे आणि हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. अक्षरवाचक चुकतो तेव्हा ‘ध’चा ‘घ’ करतो, ‘भ’चा ‘म’ करतो, ‘ख’ फोडून ‘रव’ करतो, ५ आणि ६ मध्ये गोंधळतो. चूक कुरूप असते, म्हणून दिसते. एआय चुकतो तेव्हा वाक्य गुळगुळीतच राहतं.

त्यात जुन्या छपाईचा आणखी एक पेच आहे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आले, त्याआधी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’, ‘केलें’ असे अनुस्वार सर्रास छापत. एआय असं पान उतरवताना गुपचूप ‘काही’, ‘नाही’, ‘घरे’ करून टाकतो. तुम्हाला जुना अंक जसाच्या तसा जपायचा असेल तर हा बिघाडच. सूचना अशी द्या:

‘या पानावर छापलं आहे ते अक्षरशः उतरव. शुद्धलेखन सुधारू नकोस. जुने अनुस्वार तसेच ठेव. शब्द वाचता आला नाही तर त्या जागी [?] घाल. मूळ ओळ जिथे तुटते तिथेच ओळ तोड.’

शेवटची अट मुद्दाम घातलेली आहे. ओळी तशाच राहिल्या की मोजता येतात. पानावर ३४ ओळी आणि उताऱ्यात ३३ असतील तर एक ओळ खाल्ली गेली आहे. सलग दोन ओळींची सुरुवात एकाच शब्दाने होत असेल, तर मधली ओळ गायब होण्याचा धोका फार. महत्त्वाच्या मजकुरासाठी दोन्ही वाटांनी उतारा काढा आणि दोन फाइलींची तुलना करा. जिथे फरक दिसेल तिथेच मूळ पान उघडायचं. सगळं पान पुन्हा वाचावं लागत नाही.

मोडीतली कागदपत्रं?

अंकात छापण्याजोगा मजकूर हवा असेल तर मोडी वाचणाऱ्या माणसाकडेच जा. लपेटीदार हस्ताक्षरात आणि शब्द न तोडता लिहिलेल्या ओळींत साधारण चॅट-एआय सरळ कल्पनेने मजकूर रचतो.

मुलाखतीच्या रेकॉर्डिंगवरून मजकूर कितपत बरा निघतो?

प्रमाण मराठी, एक बोलणारा आणि शांत खोली असेल तर उत्तम. तिघं एकदम बोलत असतील, वर पंखा आणि बाहेर कुकरच्या शिट्ट्या असतील, तर पैसे आणि वेळ वाया.

रेकॉर्डिंग करताना फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, आणि टेबलावर थेट न ठेवता रुमालाच्या घडीवर ठेवा. टेबलावरच्या पेल्यांचा आवाज त्यामुळे कमी येतो. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव सांगावं. बोलण्यात येणारी गावं, माणसं, संस्था यांची यादी मुलाखत संपताच कागदावर लिहून घ्या. ही यादी नंतर एआयला दिली की ‘वेंगुर्ला’चं काय वाट्टेल ते होत नाही.

ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं प्रारूप (मॉडेल) मराठी जाणतं आणि स्वतःच्या संगणकावरही चालवता येतं. मुलाखत खासगी असेल तर हा मोठाच फायदा. ते आवाज ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं. दोन गोष्टी सांभाळा. भाषा स्वतः मराठी ठरवून द्या. ओळखण्याचं काम त्याच्यावर सोडलं तर मधेच हिंदी लिहू लागतं. आणि लांब शांतता कापून टाका. कोणी बोलत नसताना हे प्रारूप गप्प बसत नाही, आधीचं वाक्य पुन्हा पुन्हा लिहितं किंवा न बोललेले आभार मानून मोकळं होतं.

खरं नुकसान होतं ते बोलीचं. मालवणी बोलणाऱ्या आजी ‘माका’ म्हणतात, वऱ्हाडातले काका ‘मले’ म्हणतात, अहिराणीत ‘माले’. कागदावर तिन्हींचं ‘मला’ झालेलं असतं. मुलाखतीची चवच जाते. बोलीतल्या मुलाखतीचा यंत्राने काढलेला उतारा फक्त कुठल्या मिनिटाला काय विषय आहे हे शोधायला वापरा, आणि छापायचे उतारे कानाने ऐकून स्वतः लिहा.

मुद्रितशोधन एआयकडून करून घेतलं तर मुद्रितशोधकाची गरज उरते का?

उरते. पण त्याच्याकडे जाणारं प्रूफ स्वच्छ असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘हा लेख शुद्ध करून दे’ असं सांगणं. लेख शुद्ध होऊन येतो आणि लेखक त्यातून निघून गेलेला असतो. ‘असं’, ‘गेलं’, ‘म्हणालं’ असं लिहिणाऱ्या लेखिकेचं काही ठिकाणी ‘असे’, ‘गेले’ होतं, काही ठिकाणी नाही. संवादातला ‘न्हाई’ सुधारला जातो. मजकूर परत मागूच नका, यादी मागा: मूळ शब्द, सुचवलेला शब्द, कारण, आणि तो शब्द ज्या वाक्यात आहे ते वाक्य. एका वेळी ३०० ते ४०० शब्दच द्या; जास्त दिले की पहिल्या पानावर काटेकोर आणि शेवटच्या पानावर झोपाळू तपासणी होते.

एक नमुना बघा. हे वाक्य दिलं: ‘तज्ञांच्या मते पूराच्या पाण्यात मूलांचे हाल झाले कि नाही हे महत्वाचे नाही.’ चांगला एआय पाच चुका काढतो: तज्ज्ञांच्या, पुराच्या, मुलांचे, की, महत्त्वाचे. ‘पूर’मध्ये पू दीर्घ, पण सामान्यरूपात ‘पुराच्या’ असा ऱ्हस्व; ‘मूल’चं ‘मुलांचे’ तसंच. इथपर्यंत ठीक. पण बऱ्याचदा तो सहावी चूकही काढतो आणि ‘पाण्यात’ऐवजी ‘पाण्यामध्ये’ सुचवतो, कारण विचारलं तर व्याकरणाचा एक अस्तित्वात नसलेला नियम सांगतो. म्हणून यादीतल्या ‘कारण’ या रकान्यावर फार विश्वास ठेवू नका. तो रकाना असावा, कारण पोकळ कारण वाचलं की ती सूचना फेटाळायला सोपं जातं.

तत्सम शब्दांत तो ‘कवि’, ‘हेतु’, ‘गुरु’ अशी संस्कृत किंवा हिंदी रूपं बरोबर धरतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, कवी, हेतू, गुरू. समासात मात्र पहिलं पद ‘कविसंमेलन’, ‘गुरुकृपा’ असं ऱ्हस्वच. ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद. तुमच्या अंकाचे लेखनाचे ठराव एका पानावर लिहून दर वेळी सोबत द्या: इंग्रजी शब्दांत ‘ॲ’ की ‘अ‍ॅ’, ‘सुरुवात’ की ‘सुरवात’, आकडे कधी अक्षरांत. हा कागद एआयपेक्षाही नव्या उमेदवार संपादकाला जास्त उपयोगी पडतो.

कथा-कादंबरीवर एआयचं मत घ्यावं का?

मत घेऊ नका, मोजमाप घ्या. मत विचारलं तर प्रत्येक कथा हृदयस्पर्शी असते.

कादंबरीच्या संस्करणात उपयोगी पडतो तो सातत्याचा तक्ता. एकेक प्रकरण द्या आणि मागा: पात्राचं नाव, वय किंवा जन्मसालाचा उल्लेख, प्रसंगाचा काळ, स्थळ, नातं, आणि ते ज्या वाक्यावरून कळलं ते वाक्य जसंच्या तसं. सगळ्या प्रकरणांचे तक्ते एका शीटमध्ये एकाखाली एक लावले की तिसऱ्या प्रकरणात विधवा असलेली आत्या अकराव्यात नवऱ्याबरोबर पंढरपूरला निघालेली सापडते. वाक्य जसंच्या तसं मागण्याचं कारण साधं आहे: ते वाक्य मूळ फाइलमध्ये शोधून बघता येतं. सापडलं नाही तर ती नोंद बनावट.

अख्खी कादंबरी एकदम देऊ नका. देवनागरी मजकुराचे एआयच्या लेखी इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे मर्यादा लवकर भरते आणि मधल्या प्रकरणांकडे दुर्लक्ष होतं.

वृत्तातल्या कवितेच्या किंवा गझलेच्या मात्रा एआय तपासतो का?

तपासल्यासारखं करतो. तो मजकूर अक्षरं म्हणून बघत नाही, तुकडे म्हणून बघतो. त्यामुळे मोजणी चुकते आणि निकाल मात्र ठामपणे सांगतो. भुजंगप्रयातात प्रत्येक चरणात लघु-गुरू-गुरू हा गण चार वेळा, म्हणजे १२ अक्षरं आणि २० मात्रा. हे तो घडाघडा सांगेल, आणि त्याच दमात ११ अक्षरांची ओळ पास करेल.

यावर तोडगा आहे. मोजायला सांगू नका, मोजणारा छोटा प्रोग्राम लिहायला सांगा. नियम तुम्ही द्या: अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर लघु, बाकी गुरू, अनुस्वार-विसर्गाने गुरू, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. आणि मराठीचा अपवाद विसरू नका: जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत नसेल तर ते लघुच राहतं. ‘तुम्ही’तला तु लघु, ‘दऱ्या’तला द लघु, ‘दर्या’तला द मात्र गुरू. ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांची यादी प्रोग्रामला दिली की बहुतेक ओळींचा हिशेब जमतो. संशयाच्या जागी ओळ म्हणून बघायची, दुसरा उपाय नाही.

मुखपृष्ठासाठी एआयचं चित्र छापता येईल का?

आधी गणित. एआयने केलेलं चित्र पुष्कळदा १०२४ × १०२४ पिक्सेलचं असतं. छपाईला ३०० डीपीआय लागतं, म्हणजे हे चित्र जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटरचं. ए-४ आकाराच्या मुखपृष्ठाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात आणि कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर धरले तर साधारण २५५१ × ३५७९. मोठं करणारी साधनं पिक्सेल वाढवतात, पण नवा तपशील मनाने भरतात; पैठणीच्या पदरावरचे मोर जवळून शेवयांसारखे दिसायला लागतात.

मग रंग. पडद्यावर झळकणारा निळा आणि पोपटी छापखान्याच्या चार शाईंत उतरत नाही, मळकट होतो. रंगांचं रूपांतर करून, एक प्रूफ काढून मगच मंजुरी द्या.

मग तपशील. नऊवारी मागितली तर काष्ट्याशिवाय नेसवलेली साडी येते, नथ उलट्या बाजूला, आकाशकंदिलाच्या जागी चिनी कंदील, आणि पगड्या तर राजस्थानातल्या. ‘मराठी स्त्री’ असं न लिहिता ‘मागे काष्टा खोचलेली नऊवारी, डाव्या नाकपुडीत मोत्यांची नथ’ असं एकेक सांगावं लागतं. अंकाचं नाव चित्रात घालायला मुळीच सांगू नका. जोडाक्षरं मोडतात, वेलांट्या हवेत तरंगतात. अक्षरं इनडिझाइन किंवा कोरलड्रॉ या मांडणीच्या प्रोग्राममध्येच चढवा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर (ओळी जुळवण्याचा पर्याय) निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागून येते. त्यात एआयचा दोष नाही, पण शिव्या त्याला बसतात.

आमचा सल्ला विचाराल तर एआयचं चित्र चित्रकाराला कल्पना सांगण्यासाठी कच्चं रेखाटन म्हणून वापरा. चार रचना समोर ठेवल्या की ‘मला असं काहीतरी हवंय’ या वाक्यात जाणारा आठवडा वाचतो. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाचा पायंडा पाडला तेव्हापासून वाचक अंक हातात घेतो तो आधी मुखपृष्ठ बघून. तिथे काटकसर करू नये.

प्रताधिकाराचं काय?

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक व्याख्या आली: संगणकाने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण व्हायला कारणीभूत झालेली व्यक्ती. आजचा एआय डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं हे कलम नाही. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कर्ता माणूसच असावा लागतो, असा निर्णय दिला. म्हणून निव्वळ सूचना देऊन काढलेल्या चित्रावर किंवा मजकुरावर आपला हक्क भक्कम आहे, असं धरून करार करू नका.

जुना मजकूर छापायचा असेल तर हिशेब सोपा: लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६० मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून मुक्त. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजायचा. ही तारीख एआयला विचारू नका. मृत्यूचं साल पुस्तकातून किंवा विश्वकोशातून घ्या आणि बेरीज स्वतः करा.

ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे आपलं पुस्तक स्वतः प्रकाशित करायच्या सेवेवर, ई-पुस्तक टाकताना एआयने निर्माण केलेला मजकूर, चित्रं किंवा भाषांतर असेल तर तसं सांगावं लागतं. स्वतः लिहिलेल्या मजकुराची फक्त दुरुस्ती करून घेतली असेल तर सांगावं लागत नाही.

लेखकाचं अप्रकाशित हस्तलिखित चॅटमध्ये टाकणं योग्य आहे का?

लेखकाला विचारल्याशिवाय नाही. लेख मागवण्याच्या पत्रातच एक ओळ घाला: ‘मुद्रितशोधनासाठी संगणकीय साधनांचा वापर केला जाईल, नको असल्यास कळवावे.’ वापरत असलेल्या सेवेच्या सेटिंगमध्ये आपला मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचा पर्याय शोधून बंद करा. आणि मजकुराच्या शेवटी लेखकाने लिहिलेला पत्ता, फोन, बँक खातं आधी काढून टाका. मानधनासाठी लेखक हे सगळं लेखाच्या फाइलमध्येच देतात, आणि ते तसंच पुढे जातं.

लेखकांना, जाहिरातदारांना जाणारी पत्रं आपोआप जातील असं करता येईल?

येईल, आणि त्यात एआय फारसा लागत नाही. गूगल फॉर्ममधून नाव, लेखाचं शीर्षक, शब्दसंख्या आणि छायाचित्र मागवा. उत्तरं शीटमध्ये येतात. शीटवरून पत्रं पाठवणारी ॲप्स स्क्रिप्ट (गूगल शीटला जोडून चालणारा छोटा प्रोग्राम) एआय पाच मिनिटांत लिहून देतो. काय हवं ते नीट सांगा: कुठल्या रकान्यात ईमेल, कुठल्यात नाव, पत्र गेलं की शेजारच्या रकान्यात तारीख टाक, आणि तारीख असेल त्याला पुन्हा पाठवू नकोस. ही शेवटची अट राहिली की एका लेखकाला तीच आठवण सात वेळा जाते. आधी स्वतःच्याच तीन पत्त्यांवर चालवून बघा. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्ट दिवसाला १०० जणांनाच पत्र पाठवू शकते, म्हणून मोठी यादी दोन-तीन दिवसांत वाटून घ्या.

मराठीची एक अडचण इथेही येते. नावाला विभक्ती लावायला गेलं की मोरे यांचं ‘मोऱ्यांना’ व्हायला हवं, काळे यांचं ‘काळ्यांना’. यंत्र ‘मोरेंना’ किंवा ‘मोरेला’ करून टाकतं. नाव मोकळं ठेवा आणि पुढे ‘यांना’, ‘यांचा’ लावा. ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ नावावरून ओळखायचं काम त्याला देऊ नका. शिरीष, किरण, सुमन या नावांवर हमखास घोटाळा होतो, फॉर्ममध्येच विचारा.

मानधनाची बेरीज चॅटमध्ये करू नका. शीटमधल्या सूत्राला चुकायला जागा नसते.

इंग्रजीतून भाषांतर?

पहिला खर्डा म्हणून चालतं, एक तयारी करून. इंग्रजीत सगळे एकमेकांना एकाच सर्वनामाने हाक मारतात; मराठीत कोण कोणाला अरे-तुरे करतो आणि कोण अहो-जाहो, हे ठरवावंच लागतं. पात्रांच्या जोड्यांचा तक्ता आधी करून द्या. नाही तर सासू सुनेला एका पानावर ‘तू’ आणि पुढच्या पानावर ‘तुम्ही’ म्हणते. अंकलचा काका, मामा की आत्याचे यजमान, हेही त्याच तक्त्यात.

अंकाचं ध्वनिरूप यंत्राच्या आवाजात काढलं तर?

ऐकवतं, पण ‘च’ आणि ‘ज’ यांवर अडतं. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च मराठीत वेगळे, लिहिताना एकच. यंत्र कुठला तरी एक धरून बसतं. सालं ‘एकोणीसशे बासष्ट’ न म्हणता ‘एक हजार नऊशे बासष्ट’ वाचतं, ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ यांवर थबकतं. वाचनासाठी वेगळी प्रत करा: आकडे अक्षरांत, संक्षेप पूर्ण, लांब वाक्यं तोडलेली. पाच हजार शब्दांचा लेख साधारण ३५ ते ४० मिनिटांचा होतो. पूर्ण ऐकूनच चढवा, आणि ऐकताना छापील प्रत हातात पेन्सिलीसकट ठेवा. प्रूफात सुटलेल्या दोन-तीन चुका कानाला हमखास सापडतात, म्हणून हे काम अंक छापखान्यात जायच्या आधी करा.